नागपूरचं तिकीट

सानगडीहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत आनंदाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. भंडाऱ्याला उतरून त्या हलणारे दोन दात काढून घेणार होत्या. पुढच्या सीटवर बाप-लेक बोलत होते.

“दाताची डाक्टर तं झालीस, रक्षा. आता नागपूरले आनखी काय शिकते?”

“हिरड्यांचं, बाबा. दात न् हिरडीच्या मंधात बारीक सळी घालून पाहाचं, किती खोल जाते ते. एका दाताले सहा जागी.”

“खोल गेली तं?”

“तं खालचं हाड झिजून राहिलं.”

“मंग काढून टाकाचा दात.”

“काहून? आधी मुळापासून साफ कराचं. महिनाभर थांबाचं, पुन्हा मोजाचं. कवाकवा हलणारा दातही घट्ट होते.”

“अन् नाही झाला तं?”

“तं काढू. पन आधी मोजू तं द्या!”

बाहेर तळ्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते. आनंदाबाईंची जीभ दातांवरून हलकेच फिरत राहिली. कोवळा शिंगाडा दाताखाली कट्‌कन फुटल्यासारखा त्यांना वाटला.

“मावशी, भंडारा आला. उतरा,” कंडक्टरनं हाक दिली.

“नाही रे बाबू. मले नागपूरचं तिकीट दे,” त्या म्हणाल्या, आणि पुढे वाकल्या. “पोरी, तुह्या दवाखान्यात मले नेशीन का?”