विरजणाची माती

न्हाई, आबासाहेब, टोपलं तिथं नका ठिवू—इकडं, कवाडामागं घ्या आधी. माझी जाऊ महादेवी पान्याला गेलीय, येईल इतक्यात. तुमी चुडाव्याहून एवढी माती वाहून आनली, तुमची तूर पावसावाचून उभी ऱ्हायली, शिवरुद्राचं देनं फेडायचं म्हनता—समदं खरं. पन त्याला हे दाखवू कसं मी? दीर असला तरी पोरासारखा हाय मला. तुमाला कुनी सांगितलंच न्हाई का? कोन सांगंल म्हना.

परभणीच्या सरकारी फारमात कामाला व्हता तो. तिथं त्याला तुरीचं मूळ उपटून दाखवलं—मुळाला बारीक गाठी, गाठ फोडली की आत लालसर. त्यात जीव ऱ्हातेत म्हने, डोळ्याला न दिसनारे. ते झाडाला खाऊ घालतेत, अन् ऊन पडलं, पानी तुटलं तरी झाड तगतंय. आमी हसलो. तो म्हनला, वैनी, दुधाला इरजन लागतं का न्हाई, तसंच मातीला. आमचा वड्याकडचा तुकडा खारट, पांढरा पडलेला, गवत बी उगवंना. यानं जुन्या तुरीच्या रानातली माती आनली, गुळाच्या पान्यात कालवली, बी त्यात घोळून सावलीत वाळवलं. घोळायला कोन? त्याची लेक, गिरिजा. कोपरापातूर माखून बसायची. माझी कूस उजवली न्हाई, आबासाहेब—ती माझ्यापशीच निजायची.

त्या साली पाऊस मधीच गेला. गावच्या तुरींनी माना टाकल्या, अन् हा खारा तुकडा हिरवागार. लोकं बघायला यायली, हा ज्याला त्याला टोपलंभर माती द्यायचा—तुमाला बी तवाच दिली न्हवं? गिरिजा पाव्हन्यांना सांगायची, आमच्या रानात लेकरं हायेत, दिसत न्हाईत. जीव न्हाई म्हनायची ती—लेकरं.

मग हगवन-वांतीची पटकी आली. तिकडं लढाई चाललेली, गावात दिव्याला राकेल न्हाई—दवा कुठली? परभणीहून डाक्टर येईपातूर गिरिजा गेली व्हती. डाक्टरानं आड बघितला, म्हनला, पान्यात बारीक जीव हायेत, डोळ्याला दिसत न्हाईत, पानी उकळून प्या म्हंजी मरतेत. एवढंच बोलला बिचारा. महादेवीनं तिथंच नवऱ्याकडं बघितलं—ते बघनं मी इसरत न्हाई. त्यानं लय समजावलं, ते जीव येगळे, हे येगळे. डाक्टर बी तेच म्हनला. तिच्या मनात भरलं ते भरलं. अन् आमच्यात तर जाळत न्हाईत, पुरतेत—त्याच तुकड्यात माती दिलती लेकराला. हिरवं रान म्हनून त्यानंच जागा दाखवली. ती म्हनली, "माझं लेकरू त्यांच्यात निजवलंत तुमी."

दुसऱ्या दिशी तिनं रानातच चूल मांडली. हंडे उकळायची अन् त्या तुकड्यात वतायची. फुलावर आलेली तूर, तिच्या मुळाशी उकळतं पानी—जमिनीतून वाफा निघायल्या. मी पळत गेले, म्हनलं, शिवरुद्रा, धर तिला. तो म्हनला, "वतू द्या, वैनी. तिला झोप लागंल." पानी त्यानंच शेंदलं. पऱ्हाट्याचे भारे त्यानंच आनून चुलीपशी टाकले.

झोप कसली लागती. तुकडा परत पांढरा पडला. दोघं एका घरात हायेत—ती ताट वाढती, तो जेवून उठतो. पेरनीला बी कोरडंच टाकतो आता. कुनी माती मागायला आलं तर म्हनतो, माझ्याकडं न्हाई. खोटं कुठं बोलतो? न्हाईच.

माझं काय—मी चुलती. समदी बायामानसं महादेवीच्या गळ्यात पडली. मी गोठ्यात जाऊन रडले, बैलाच्या आडोशाला. रात्री अजून हात जातो अंथरुनावर, तिच्या जागी... जाऊ द्या. रानात गेलं की वाटतं, ती जिथं निजलीय तिथं कायतरी हिरवं असावं. उघडी पडल्यावानी दिसती हो जागा.

टोपलं ऱ्हाऊ द्या, आबासाहेब. वरून वलं फडकं टाका, उनानं मरतेत म्हने ते. औंदा बियानं मी घोळीन, गोठ्यात बसून. त्याला सांगत न्हाई, तिला तर न्हाईच—उगवलं तर उगवंल.

आली बगा. शिवरुद्राला काई बोलू नका, चहाला बी थांबू नका. निघा तुमी.