वाफेला वेळ द्यावा लागतो

...अहो, मघापासून तिसऱ्यांदा विचारताय, ‘कधी सुरू होणार, कधी सुरू होणार?’ समोर पाटी आहे की नाही? ‘वाफ झाल्यावर सांगण्यात येईल. मध्ये विचारू नये.’ आमच्या संग्रहालयाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने रंगवलीय. तो वाफेच्या दाबाचा काटा बघा. दोनवर आहे. साडेपाचवर गेला की हे मोठं चाक फिरणार, त्याआधी तुम्ही काय, मंत्री आला तरी फिरणार नाही. बसा. त्या हिरव्या बाकावर नको, रंग ओला आहे. वाफेला वेळ द्यावा लागतो हो!

हे वाक्य माझं नाही, आमच्या ह्यांचं. गेली आठ वर्षं ऐकतेय. भाजी आणायची राहिली? ‘वाफेला वेळ द्यावा लागतो, कुसुम.’ मुलाच्या शाळेत पालकसभा आहे? ‘वाफेला वेळ...’ माझ्या माहेरच्या लग्नात आम्ही पोचलो तेव्हा मांडववाला मांडव सोडत होता!

काय म्हणालात? साहेब कुठे आहेत? साहेब मीच. असं बघू नका. हा खाकी डगला माझा, हे फावडं माझं, आणि भिंतीवर फ्रेममध्ये आहे ते सर्टिफिकेटही माझंच. सौ. कुसुम श्रीनिवास लिमये, बॉयलर अटेंडंट, द्वितीय श्रेणी. पन्नाशीत तुझं काय होईल असं कुणी विचारलं असतं, तर मी फार तर ‘गुडघे दुखतील’ म्हटलं असतं.

तुम्हाला सांगते, ही तेलाची गिरणी होती. बंद पडली, जागा बिल्डरने घेतली, सगळं पाडलं, आजूबाजूला या काचेच्या इमारती उगवल्या, पण हे वाफेचं इंजिन काही हलेना. बिल्डर म्हणाला, ‘कुणाला हवंय का?’ आता शहाण्या माणसाने काय म्हणावं? आमचे हे आणि त्यांच्यासारखे आणखी सहा जण सदाशिव पेठेतून बस बदलत हडपसरला आले आणि म्हणाले, ‘आम्हाला हवंय!’ कुणी पोस्टातले, कुणी वीजमंडळातले, अध्यक्ष शाळेत विज्ञान शिकवायचे, हे बँकेत क्लार्क. वाफेशी संबंध म्हणाल तर इडलीपुरता. बरं, बँकेने दोन वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती दिली. लोकांनी त्या वेळात गीता वाचली, अमेरिकेला मुलांकडे गेले. आमच्याकडे बॉयलरच्या नळ्या घासायला माणूस मोकळा झाला.

यांना शिकवलं गेनबांनी. गिरणीतले जुने फायरमन, म्हणजे बॉयलरचा जाळ सांभाळणारे, इथले हडपसरचेच. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “वैनी, बायलर म्हंजी म्हातारा माणूस हाय. दमानं घ्या. घाई केली का रागावतुया.” मी म्हटलं, असा एक आहे आमच्या घरी.

आणि मग यांनी नियम केला. अध्यक्षांनी मांडला, यांनी अनुमोदन दिलं. मुलांच्या सुट्टीत, म्हणजे अख्खा मे महिना, संग्रहालय रोज चालू! कुणाच्या मुलांच्या सुट्टीत? लोकांच्या! आमच्या मुलांनी काय करायचं? त्यांनी पितळ घासायचं. आमची वल्लरी चौथीत होती, शाळेत निबंध आला, ‘मी सुट्टीत काय केले’. तिने लिहिलं, ‘आम्ही बॉयलरच्या नळ्या घासल्या. बाबा आत अडकले होते. मग निघाले.’ बाईंनी लाल शाईत शेरा मारला, ‘खरे लिहावे.’ पुढच्या वर्षी तिने लिहिलं, आम्ही महाबळेश्वरला गेलो, घोड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी खाल्ली. दहापैकी नऊ. एक मार्क स्ट्रॉबेरीच्या ऱ्हस्व-दीर्घाचा गेला.

आमचा अल्बम बघाल तर चक्रावाल. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मागे हे चाक! मुलं उंच होत जातात, यांचे केस विरळ होत जातात, चाक तेवढंच. पण खोटं कशाला बोलू? संध्याकाळी जाळ उतरला की गेनबा निखाऱ्यात वांगी भाजायचे, दुर्गाबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी आणायची, आणि ही सात शिकलेली माणसं जमिनीवर बसून नळ्यांवरून भांडायची. तेव्हा बरं वाटायचं. पण सुट्टी म्हणजे जाणं असतं हो! बॅग भरणं असतं, कुलूप लावून पुन्हा ओढून बघणं असतं. आठ वर्षांत आमच्या बॅगेत फक्त कोळशाने काळे झालेले टॉवेल गेले.

...काटा? अडीच. बसा.

तर आमचा गंधार. इंजिनिअर झाला, आयटीत लागला. आणि ऑफिस कुठे मिळावं? ती समोरची काचेची इमारत. चौथा मजला! आम्ही इथे जाळ केला की धूर सरळ त्याच्या खिडकीवर. एक दिवस त्याचा मॅनेजर म्हणाला, “व्हॉट इज दॅट स्मोक, यार? कौन है वो बुढ्ढा?” आमचं रत्न म्हणालं, “नो आयडिया, सर.” रात्री जेवताना स्वतःच सांगितलं बिचाऱ्याने, मान खाली घालून. मला भरून आलं, म्हटलं आता हे काय बोलणार. हे म्हणाले, “आज कोळसा ओला होता.”

त्याच गंधारला कंपनीने ऑनसाइट, म्हणजे परदेशी, पाठवायचं ठरवलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये, तीन वर्षांसाठी. तो म्हणाला, “आई, जायच्या आधी आपण चौघं. एकदा. प्रॉपर व्हेकेशन. केरळ, हाउसबोट, सगळं मी बुक करतो. फक्त मेचा तिसरा आठवडा. तेवढीच लीव्ह आहे.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तीन वर्षं म्हणतात, पण गेलेली मुलं परत येतात का हो? चौघांनी एकत्र कुठे जायचं तर हीच वेळ. नाहीतर कधीच नाही.

यांना सांगितलं. हे म्हणाले, “मेमध्ये? आणि बॉयलर?”

कायदा असा आहे, की जाळ असेल तिथे सर्टिफिकेटवाला माणूस हवाच. आणि असले होते दोनच. गेनबा आणि हे. गेनबांना मोतीबिंदू झाला, ते गेले वाघोलीला लेकीकडे. उरले हे. म्हणजे आणखी एक सर्टिफिकेटवाला तयार केला की हे मोकळे. साधी वजाबाकी! मी बाकीच्या सहांना विचारलं. एकाची शुगर, एकाची कंबर, अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, माझं काम धोरणात्मक आहे.” मग मी म्हटलं, ठीक आहे. मीच देते परीक्षा!

हसू नका. आठ वर्षं फावडं मारलं होतं. गेनबांनी वाघोलीहून येऊन माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर सही केली. वर्षभर कणीक मळताना पुस्तक वाचलं. तोंडी परीक्षेला साहेबांनी विचारलं, “बॉयलरच्या पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?” मी म्हटलं, “आधी जाळ काढीन. वरून गार पाणी ओतणार नाही. तापल्या कुकरवर ओततं का कुणी?” साहेब हसले. म्हणाले, “कुठे शिकलात?” मी म्हटलं, “सुट्टीत.”

पास झाले! पेढे आणले, देवापुढे ठेवले, आणि ऐटीत म्हटलं, “चला, आता केरळ.” वल्लरी पेढा खाता खाता म्हणाली, “पण आई, आपण चौघं गेलो तर इथे जाळाजवळ कोण?” मी म्हटलं, “कोण म्हणजे? ती आहे की आता, सर्टिफिकेटवाली...”

आणि पेढा माझ्या हातातच राहिला.

घरात चार माणसं, चारही हुशार. एक बँकेतला, एक कंप्यूटरवाला, एक बारावीची, आणि मी. वर्षभरात एकालाही सुचलं नाही!  हे म्हणाले, “मी थांबतो. तू जा.” खरंच म्हणाले हो. पण गंधार म्हणाला, “बाबा, तुमच्याबरोबर मी आठ वर्षांत एकदाही सुट्टीला बाहेर गेलो नाहीये.”  मीच म्हटलं, जा. तुम्ही जा.

तरी सभेत एकदा विचारून बघितलं. म्हटलं, सात दिवस बंद ठेवू. अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, शाळांची नावनोंदणी झाली आहे. मेमध्ये बंद ठेवणं तत्त्वात बसत नाही.” माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “असं करा, माझ्या जागी तुम्हीच जा केरळला! तिकीट तरी कशाला वाया घालवायचं?”

आता मला सांगा, पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे वाक्य कोणत्या सुरात म्हटलंय ते कळू नये? शनिवार पेठेत शाळकरी पोराला कळलं असतं! अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “वहिनी, तुमचं मन मोठं आहे.” दुसऱ्या दिवशी कॅनव्हासची टोपी घेऊन आले.

...थांबा हं, फोन वाजतोय. यांचाच. हॅलो? हो. पाच. पाणी काचेत अर्ध्यावर आहे. हो, उघडून बघितलं. हो, तेही. अहो, तुम्ही बोटीवर आहात ना, मग नारळ बघा, माडाची झाडं बघा, इथलं काय विचारताय?... कोण, गंधार? बोल रे. काय ऐकवू? शिटी? अरे, आठ वर्षं कानात बोटं घालून बसायचास!... परदेशात नसेल? हो रे बाबा. तिकडे नसेल. थांब. काटा साडेपाचवर आलाच आहे. धर फोन. तुम्ही मंडळी जरा कान झाका.

...ऐकलीस? बरं. नाही, रडत नाहीये, धूर आहे. जाळाजवळ धूर असतो. ठेवते.

हॅलो? आता कोण? अध्यक्ष! बोला.

...हो का? ...खूप शांत आहे? ...बरं. ...बरं. ठेवते.

चला, उठा, वाफ झाली. काय म्हणाले? म्हणाले, “वहिनी, काय सांगू, माणसाने एकदा तरी कुटुंबाबरोबर असं बाहेर पडावं. तुम्ही यायला हवं होतं.”