ताईंचा तिसरा निरोप

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेल्या आणि जागा न मिळाल्याने भिंतीला टेकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

संगणक विभागाच्या प्रमुख ताईंना निरोप द्यायला मी या सभागृहात तिसऱ्यांदा उभा आहे. भेटवस्तू तीच आहे, फुलं तेवढी नवी आहेत.

आपल्याकडे एक जुना सर्व्हर आहे. सकाळी तुम्ही पासवर्ड टाकला की ‘हा आपलाच माणूस’ असं सांगायचं काम त्याचं. ताई त्याला आजोबा म्हणतात. ठरलं होतं असं, की आजोबा बंद करायचे, नवा सर्व्हर लावायचा आणि ताईंनी मोकळं व्हायचं.

पहिल्या निरोपाला टाळ्यांच्या गजरात आजोबा बंद केले. लगेच एकशेचाळीस जणांची ओळख पटेनाशी झाली. आमचे भांडारप्रमुख तर स्क्रीनसमोर छातीवर हात ठेवून म्हणाले, “अरे, मीच आहे ना!” असं का व्हावं? तर प्रत्येक संगणकात ‘विचारायचं ते आजोबांनाच’ असा पत्ता कुणीतरी हाताने टाकून ठेवला होता. तो कुणीतरी म्हणजे मी. ताई तेव्हा म्हणाल्या होत्या, “तात्पुरता टाक रे.” त्या तात्पुरत्याला बारा वर्षं झाली. मग आजोबा पुन्हा चालू करून महिनाभर टेबलाटेबलावर जाऊन मी पत्ते बदलले.

दुसऱ्या निरोपाला आजोबा पुन्हा बंद केले आणि सगळे आत गेले, एक अध्यक्षसाहेब सोडून. आणि कार्यमुक्तीचं पत्र निघतं ते नेमकं साहेबांच्याच संगणकातून! साहेब, राग मानू नका, पण उशीर होऊ नये म्हणून तुम्ही त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवता. आजोबांनी ते खपवून घेतलं. नवा सर्व्हर शिस्तीचा; पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की दार बंद. काल हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, “वेळेच्या पुढे असणं हा गुन्हा आहे का?”

हसा, हसा. पण ताई हसत नाहीयेत. लेकीचे दिवस भरलेत आणि या गोंधळात त्यांची एक गाडी आधीच चुकली आहे.

आता एक कबुली. घड्याळाचं कारण मला काल सापडलं, असं मी सर्वांना सांगितलं. ते मला दुसऱ्या निरोपाच्या दिवशीच, चहा यायच्या आत कळलं होतं. तरी “शोधतोय” म्हणालो आणि आजोबा पुन्हा चालू केले. ताई गेल्यावर काही अडलं तर हाक कुणाला मारायची, ही भीती होती. ताई, मी तुम्हाला अडकवून ठेवलं. फार चुकलं माझं.

घड्याळ आज सकाळी बरोबर केलं. आजोबा तासाभरापूर्वी बंद झाले, आणि सगळे आत आहेत. पत्र निघालं, सहीही झाली, हे घ्या. रिक्षा दाराशी उभी आहे. सत्काराला थांबू नका, फुलं आम्ही ठेवून घेतो.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने आत्ताच पदरात घ्यावं. ताईंनी मात्र आधी गाडी पकडावी, मला माफ करायचं की नाही ते नातवंड मांडीवर आल्यावर ठरवावं.