भिंतीवरच्या डबीला कुलूप

— कोट काढ गं तो. घरात कोट घालून बसलं की बाहेर पडल्यावर मग तो असून नसल्यासारखा होतो. बस तिथं, रेडिएटरला पाठ लावून बस, चटका नाही बसायचा, मी बेतानं ठेवते. ग्लेन थांबेल व्हॅनमध्ये — थांबू दे. कोर्टानं या दारात पाऊल टाकायची बंदी केलीय त्याला, म्हणून तर तुला पाठवलंय ना, हत्यारांची पिशवी आणायला? देते की. जिन्याखाली आहे, पळून चालली नाही. पण आई आहे मी त्याची, आणि त्याच्या बायकोला — बरं, लग्न नाही झालंय अजून — त्याच्या घरात राहणाऱ्या बाईला चहा न पाजता धाडलं, तर गल्लीतल्या बाया मला नावं ठेवतील. कार्ला ना तू? दूध थोडं जास्त घालते. हात गार पडलेत तुझे. नखं निळी झालीत.

आणि पिशवीबरोबर आणखी काय आणायला सांगितलंय म्हणालीस? परत बोल. — काचेसारखा डबा. प्लास्टिकचा. कुलपाचा, किल्लीसकट.

कशाला हवाय म्हणाला? नाही सांगितलं. तू विचारलंही नाहीस. बरोबर आहे, त्याला विचारलेलं आवडत नाही.

ये इकडे, कप घेऊन ये. ही बोळातली डबी बघ, दिव्याच्या बटणाच्या वर. चाकावर आकडे आहेत ना, ते पंधरा, वीस, पंचवीस? तुमच्याकडेही असेल अशीच. ही डबी म्हणजे घराचं नाक आहे. हवा किती गार, किती गरम, एवढंच हिला कळतं, दुसरं काही नाही. तू वीसवर ठेवलंस आणि हवा विसाच्या खाली गेली, की ही स्वयंपाकघरातल्या बॉयलरला कळवते — पेट. बॉयलर पेटतो, पंप पाणी ढकलतो, रेडिएटर तापतात, आणि विसापर्यंत आलं की ही म्हणते, पुरे. आणि हिच्या चार बाजूंना चार भोकं बघ, बुजवलेली. मीच बुजवली, टूथपेस्ट घालून. तिथं तो डबा बसवलेला होता.

कोणी म्हणजे? त्यानंच. धंदाच त्याचा तो — आख्ख्या डोंगरावरच्या लोकांचे बॉयलर दुरुस्त करायचा, म्हाताऱ्या बायकांशी इतकं गोड बोलायचा की त्या केक करून द्यायच्या. आणि इथं, माझ्याच घरात, माझ्या सुनेला थंडीनं काकडत ठेवायचा.

लोरेन. तिच्याबद्दल काय सांगितलंय तुला? — वेडी होती. हं. आणि त्याच्या मानेवरचा तो डाग? इथपासून खांद्यापर्यंत, चुरगळलेल्या कागदासारखी कातडी? — लोरेननं केलं म्हणाला. झोपेत असताना.

खाली बस, कार्ला. बस म्हणते ना.

लोरेन पहाटे बेकरीत जायची, फ्रंट स्ट्रीटवरच्या, आणि दुपारी परत यायची, केसांत पीठ, हातात उरलेले दोन चपटे पाव. मला आई म्हणायची. तिची स्वतःची लहानपणीच गेलेली. माझं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला अंघोळ घालायची ती, ग्लेन नाही. गप्प बाई नव्हती हो, चांगली बडबडी होती, बेकरीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. पहिल्या हिवाळ्यात तिनं डबीचं चाक फिरवून एकोणीसवर नेलं. तो आला, चाक बघितलं, परत चौदावर आणलं, जेवला, ताट धुतलं. मग म्हणाला, लोरेन, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून ये. ती मोज्यांवरच मागच्या अंगणात गेली आणि यानं आतून कडी लावली. बर्फ पडत होतं. ती काच वाजवायला लागली, तर हा काचेजवळ उभा राहून तिला म्हणतो, बाहेर कशी थंडी असते ते समजलं की घरात गरम वाटेल. मी उठले तर म्हणाला, बस खाली. मी बसले. काय करणार होते? कुबड्या त्यानं कोपऱ्यात नेऊन ठेवलेल्या.

आत घेतलं तिला, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, जबडा उडत होता नुसता. आणि यानं केस धरून तिला या डबीसमोर आणलं, इथं, तू उभी होतीस तिथंच, आणि तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. किती आकडा आहे वाच, म्हणाला. वाच मोठ्यानं. चौदा, ती म्हणाली. परत आपटलं. परत वाच. दात लागून ओठ फाटला तिचा, आणि ती रक्ताच्या तोंडानं चौदा, चौदा म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तो डबा बसवला. किल्ली कमरेच्या साखळीला. — अगदी बापासारखं. विल्फपण कोळशाच्या खोलीची किल्ली पट्ट्याला लावून कारखान्यात जायचा, आणि मी आणि हा लहानगा ग्लेन दिवसभर एका घोंगडीत... ते राहू दे. ते कुठं मध्येच आलं. विल्फ मेला, कारखाना मेला, त्याचं काय आता.

तर डबा. त्या डब्याला बाजूंना चिरा असतात, हवा आत जायला, नाहीतर आतल्या नाकाला काही कळणारच नाही. लोरेननं ते बघितलं. काही हिवाळे असेच गेल्यावर एक दिवस बेकरीतून आली, फ्रीजरमधली मटारची पिशवी काढली आणि डब्यावर धरून उभी राहिली, हसत. मी म्हटलं, काय करतेस गं? म्हणाली, आई, हिला वाटू दे की आपण उघड्यावर आहोत. गार हवा चिरांतून आत गेली आणि स्वयंपाकघरात टक् झालं, आणि बॉयलर पेटला की. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मग पिशवीला दोरी बांधून खिळ्याला अडकवायची ती. दुपारभर घर उबदार. मी मोजे काढून बसायचे. ती पाव गरम करायची, लोणी लावायची, नकला करायची. तो यायच्या बऱ्याच आधी पिशवी काढायची, खिडक्या उघडायची, भिंत पुसायची. आख्खा हिवाळा गेला तसा. आयुष्यातला चांगला हिवाळा होता तो, तुला खोटं वाटेल.

मार्चमध्ये त्याचं एक काम रद्द झालं आणि तो लवकर आला.

दार उघडलं तेव्हाच कळलं असणार त्याला, आतली ऊब तोंडावर आली असेल. मी स्वयंपाकघरात होते, चहाचं बघत होते, लोरेन माझ्याजवळ पाव कापत होती. आम्हाला त्याचा आवाज नाही आला. तो बोळात थांबून बघत होता. मग पिशवी काढून हातात घेऊन आला, म्हणाला, हुशार आहेस. आणि ती पिशवी तिच्या तोंडावर हाणली — वीट असते गं ती, गोठलेली. गालाचं हाड मोडलं, मला आवाज आला मोडल्याचा. पिशवी फुटून मटार फरशीवर सगळीकडे. ती उठायला गेली आणि मटारांवरून घसरली, तर यानं पोटात लाथ घातली, दोनदा, तिसऱ्यांदा, बूट घातलेले, लोखंडी टोकाचे. मी ओरडले, ग्लेन, सोड तिला. तो म्हणाला, म्हातारे, तू गप बस, तुझापण नंबर आहे.

पण ते मारणं नाही गं सांगत मी. मार बघितलाय मी, खाल्लाय. पुढचं सांगते. कप ठेव खाली, सांडतोय.

तो बोळात गेला. कमरेची किल्ली काढून डबा उघडला, पहिल्यांदाच, आणि चाक पार शेवटाला नेलं, तिसावर. बॉयलर पेटला. मग परत येऊन लोरेनला दंडाला धरून उठवलं आणि बॉयलरसमोर उभं केलं. आणि शांतपणे — म्हणजे शिकाऊ पोराला समजावून सांगतात ना, त्या आवाजात — सांगायला लागला. तुला वाटलं तुला सगळं समजतं, म्हणाला. भिंतीवरची डबी फक्त हवेचं बघते. पाण्याचं बघायला हे दुसरं चाक असतं, इथं, बॉयलरच्या अंगावर. हे ठरवतं पाणी किती तापू द्यायचं. एरवी साठावर ठेवतात. आपण आज ऐंशीवर ठेवू. आणि ठेवलं. म्हणाला, त्याच्याही पुढं गेलं तर आत एक तिसरी गोष्ट असते, ती सगळं बंद पाडते, म्हणजे घर नाही उडत. सगळ्याला आवर असतो, लोरेन. तुलाच नाही. असं म्हणत तो थांबला. पाणी तापायला वेळ लागतो ना, तेवढा वेळ तो तिला धरून उभा होता, आणि बॉयलर घुमत होता, आणि ती रडत नव्हती, नाकातून रक्त गळत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मग यानं बोट लावून पाइप बघितला. बॉयलरच्या खाली उघडे तांब्याचे पाइप असतात ते. आणि तिचा हात धरला, उजवा, आणि पंजा पाइपभोवती गुंडाळून वरून स्वतःच्या जाड हातमोज्यानं दाबला. गरम हवंय ना तुला, म्हणाला.

ती किंचाळली ते मी नाही सांगू शकत.

तो सोडत नव्हता. कातडी चिकटली होती आणि तो सोडत नव्हता. माझ्यासमोर किटली नुकतीच उकळून बंद झाली होती. मी उचलली, झाकण उघडलं आणि त्याच्या मानेवर ओतली. फेकली नाही. ओतली, सगळी, शेवटपर्यंत, कॉलरच्या आत.

हो. मी. लोरेन नाही, झोपेत नाही. मी, त्याच्या आईनं.

— हे मी सांगणार नव्हते तुला. पिशवी द्यायची आणि दार लावायचं असं ठरवलं होतं सकाळी. पोलिसांना सांगितलं होतं तेव्हा, त्यांनी लिहून घेतलं, तुम्ही बचाव केलात म्हणाले, मला काही झालं नाही. त्याला तुरुंग झाला. लोरेनची दोन बोटं वळत नाहीत आता. बेकरीचं काम गेलं. ती समुद्राकडे राहते, गाव नाही सांगणार तुला, तुझ्यावर राग नाही पण नाही सांगणार. नाताळात मी जाते तिच्याकडे. घर इतकं तापवून ठेवते की खिडक्यांवरून पाणी ओघळतं, आणि मी म्हणते लोरेन, जरा कमी कर, तर हसते.

आणि सांगू का, लोक विचारतात, पस्तावा होतो का. ओतताना मला बरं वाटलं, कार्ला. तो गुडघ्यावर पडला, आई आई करायला लागला, लहानपणी करायचा तसं, आणि मला बरं वाटलं. अजून वाटतं. आणि तरी मीच त्याच्या मानेवर गार पाणी घालत बसले, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. एका हातानं त्याच्या मानेवर, दुसऱ्यानं तिच्या हातावर.

तुमच्या घरात कितीवर असतं चाक? — चौदा. छातीला चांगलं असतं म्हणतो? आणि मनगटाला काय झालंय ते? बाही नको ओढूस, मघाशी चहा घेताना दिसलं मला.

हॉर्न वाजवतोय. वाजवू दे. बघू नकोस खिडकीतून. तुझ्यासाठी मी काही ठरवत नाही, समजलं? लोरेनला मी किती वर्षं म्हणत होते निघून जा, आणि ती जात नव्हती, आणि शेवटी अशी गेली. तू उठून गेलीस तर पिशवी तुझ्या हातात देईन आणि बसमध्ये बसवावं तसं व्हॅनमध्ये बसवेन. तो डबा मात्र मिळणार नाही. तो मी हातोडीनं फोडला, ग्लेन तुरुंगात गेला त्याच दिवशी.

परत वाजवतोय. — काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, मला या कानानं कमी ऐकू येतं, विल्फची कृपा.

नाही जायचं.

नक्की? मग कोट खुंटीला लाव. वरची मागची खोली आहे, अंथरूण घातलेलं असतं. तुझं सामान मागाहून पोलीस आणून देतील, तशी सोय असते, पोलिसातल्या एका बाईचा नंबर माझ्याकडे आहे. तू इथंच बस. रडतेस तर रड. मी पिशवी नेते — नेते मी, जड नाही एवढी. दाराला साखळी लावूनच उघडणार आहे.

— ग्लेन. व्हॅनमध्येच थांब, रस्त्याच्या इकडे येऊ नकोस. तुझी पिशवी पायरीवर ठेवतेय, मी दार लावल्यावर घेऊन जा. नाही, ती येत नाहीये. नाही, तिच्याशी बोलायचं नाही. ओरडू नकोस, समोरच्या खिडकीत माणसं आहेत, आणि फोन माझ्या हातात आहे. — मी तिला काय सांगितलं? खरं सांगितलं. जा आता, बाळा. वारा सुटलाय, रस्त्यावर बर्फ आहे, गाडी हळू चालव. जा.