चिपळूणची रांग

खोपटच्या एसटी डेपोत रखमाबाई चिपळूणच्या तिकिटासाठी रांगेत उभ्या होत्या. मागे एक तरुण जोडपं होतं. त्यातला मुलगा मोबाइलवर बेसबॉलचा गेम खेळत कुरकुरत होता.

“समृद्धी, काय फालतू गेम आहे! पिचर म्हणजे आपला बोलर गं. त्याला तीनदा वॉर्म अप करायला लावलं, तीनदा परत बसवलं, तरी एनर्जी फुल! खऱ्यात हात दमतो ना?”

“दमणारच, दिपेश. नुसतं तयार होऊन बसायचं म्हणजे दमायला होतंच.”

“तेच तर! बनवणाऱ्याला एवढं कळू नये?”

“किती बारीक लक्ष रे तुझं! गणपतीत तुझ्या आईंना भेटायला मी साडी नेसून तयार झालेले. तू म्हणालास, नंतर. दिवाळीत बॅग भरलेली. नंतर. मे महिन्यात सुट्टी काढलेली.”

“त्याचं इथे काय?”

“काही नाही. माझी पण एनर्जी फुलच आहे.”

रखमाबाईंनी मागे पाहायचं टाळलं, पण कान मागेच ठेवले.

“अगं, आईचा आत्ताच मेसेज आला. घरी पाहुणे आहेत, पुढच्या महिन्यात या म्हणाली.”

“दाखव मेसेज.”

“म्हणजे... मी अजून तिला आपलं सांगितलंच नाहीये. योग्य वेळ बघतोय.”

“बघ हां, निवांत बघ. पत्ता आहे माझ्याकडे.”

रखमाबाईंचा नंबर आला, पण त्या खिडकीपासून बाजूला झाल्या आणि त्यांनी समृद्धीला पुढे घेतलं.

“चिपळूण, एक द्या.”

“अगं, एकटी जाऊन आईला सांगणार काय तू?”

“तीन वर्षांत तू जे सांगितलं नाहीस, ते.”