पायावर पाय

इसिडोरा: चप्पल सैल झालीय, बाकी काही नाही. मार्कोस, हिला सांग बाबा, सैल चपलेवर तुझ्याकडे व्यायाम नसतात म्हणून.

काल्लिओपी: काल अनवाणी होतात तुम्ही, वन्सं. अंगणातल्या फरशीवर ऐकलं मी. फट्. मग जरा वेळानं पुन्हा फट्.

इसिडोरा: ऐकलंस? माझी पावलं ऐकत बसते ही. भावजय आहे की पहारेकरी?

मार्कोस: आत्या, काकू, आधी बसा पाहू दोघी. मेस्ता गावाहून इतक्या लांब दवाखान्यात बसनं आलात. काकू, ती पिशवी ठेवा त्या खुर्चीवर.

काल्लिओपी: राहू दे. मांडीवर बरी आहे.

इसिडोरा: सकाळपासून उराशी धरलीय. बसमध्येसुद्धा खाली ठेवली नाही. कोंबडी आहे की काय आत, कोण जाणे.

मार्कोस: किती दिवस झाले, आत्या?

इसिडोरा: चार-पाच.

काल्लिओपी: तीन आठवडे. चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आदल्या रविवारी चर्चच्या पायरीला ठेचकाळल्या. तेव्हापासून.

इसिडोरा: वार, तारीख, सगळं पाठ आहे बाईंना!

काल्लिओपी: का नसेल? तुमच्या भावाला जाऊन चौदा महिने झाले, आणि त्याआधी दीड वर्ष मी त्या घरात दुसरं काय ऐकलं? आधी चप्पल सैल होती. मग फरशी वाकडी होती. मग बूट जुने झाले होते. हेच शब्द होते त्यांचे. अगदी हेच!

इसिडोरा: झान्निसचा डावा पाय होता. माझा उजवा आहे.

काल्लिओपी: म्हणजे पाय आहे. चप्पल नव्हे.

मार्कोस: चालून दाखवा, आत्या. चपला काढा, मोजे राहू देत. त्या खिडकीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

इसिडोरा: परीक्षा घे माझी. काल्लिओपी, तुला माहीत आहे का, हा या खिडकीत उभा राहून अख्खा बाजार ओळखतो. चेहरा बघायच्या आधी चालीवरून. आपले पाद्रीबाबा बदकासारखे डुलतात ना, ते जाडीमुळे नाही म्हणे, खुब्याचा स्नायू लुळा पडलाय. आणि तो पाववाला एका पायावर क्षणभरच टेकतो, म्हणजे गुडघा दुखतोय. बरोबर ना रे? लहानपणी नकला करायचा सगळ्यांच्या, आता त्याचेच पैसे घेतो.

काल्लिओपी: माझ्या नवऱ्याची चाल नाही ओळखली त्यानं.

इसिडोरा: काल्लिओपी!

काल्लिओपी: बोलू द्या मला. चौदा महिने गप्प बसले. नस दबलीय म्हणालास, मार्कोस. पाठीतली. व्यायाम करा, चार महिन्यांत पळायला लागाल. याच खोलीत म्हणालास.

मार्कोस: हो, म्हणालो.

काल्लिओपी: मेलबर्नला नातीचा बाप्तिस्मा होता. तिकिटं हातात होती. तू म्हणालास, काका, आधी पाय बरा करू, मग जा. नंतर मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा त्यांना जिना चढता येत नव्हता. औषध नव्हतंच, ते मला ठाऊक आहे. पण ती पोर त्यांनी मांडीवर घेतली असती रे.

मार्कोस: मी चुकलो, काकू. त्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली आणि पाय असा उडाला, की मी हसलो. म्हटलं, काका, अजून फुटबॉल खेळाल तुम्ही. मला वाटलं, जोर आहे पायात. तो जोर नव्हता. एवढ्या हलक्या हातानं मारल्यावर पाय इतका उडतो, तेव्हा दुखणं वरून येत असतं, कण्यातून, मेंदूतून. मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि तरी हसलो. रोज आठवतं मला ते.

इसिडोरा: झालं दोघांचं? मी चालू की नको?

मार्कोस: चाला. आणि काकू, तुम्ही डोळे मिटा.

काल्लिओपी: मी?

मार्कोस: हो. काकांचं पाऊल तुमच्याइतकं कुणीच ऐकलेलं नाही, मीसुद्धा नाही. फक्त ऐका. चला आत्या, सावकाश.

काल्लिओपी: फट्… हेच. हेच ते… फट्…

मार्कोस: घाई नको. दोन फटांच्या मधे काय ऐकू येतंय?

काल्लिओपी: काही नाही.

मार्कोस: आणि काकांच्या?

काल्लिओपी: त्यांचं… थांब. वन्सं, परत एकदा चाला ना. त्यांचं आधी घासायचं. पोतं ओढत आणल्यासारखं. गुडघा वाकायचाच नाही त्यांचा शेवटी शेवटी. घस्, मग फट्. यांचं घासत नाही.

मार्कोस: उघडा डोळे. बघा, आत्या गुडघा किती वर उचलतात ते. पाऊल खाली लोंबतंय, बोटं जमिनीला अडतील म्हणून अख्खा पाय वर घेतात, आणि ते फटकन पडतं. काकांचा पाय ताठ होता, यांचा ताठ नाही.

काल्लिओपी: म्हणजे ते नाही?

मार्कोस: एवढ्यावरून मी तसं म्हणणार नाही.

इसिडोरा: तेव्हा फार बोलला, आता जपून बोलतोय. शहाणा झाला पोरगा.

मार्कोस: पलंगावर या, आत्या. स्कर्ट गुडघ्याच्या वर घ्या. आता पाऊल वर ओढा, तुमच्या तोंडाकडे.

इसिडोरा: ओढतेय ना.

मार्कोस: ओढताय?

इसिडोरा: जीव खाऊन ओढतेय! हलत नाही मेलं.

मार्कोस: बरं. आता तळवा आतल्या बाजूला वळवा. मी अडवतो, तुम्ही ढकला. अजून… शाबास, हा तर भक्कम आहे. आता बाहेर. ढकला… हं, हा नाही. उतरा खाली आणि माझे खांदे धरून चवड्यावर उभ्या राहा. उत्तम. पुन्हा झोपा. हातोडी मारतो गुडघ्यावर.

काल्लिओपी: उडाला!

मार्कोस: जेवढा उडायला हवा तेवढाच. दुसऱ्या पायाइतकाच. हे बघा, दोन्ही सारखे. आता पोटरी आणि मांडी बघायची आहे. आत्या, अगदी सैल पडून राहा. कुणी बोलायचं नाही, दोन मिनिटं.

काल्लिओपी: मला माहीत आहे तू काय शोधतोयस. कातडीखाली फुरफुर. त्यांच्या मांडीत मासोळ्या पोहतात असं वाटायचं. झोपेतसुद्धा थांबायच्या नाहीत.

मार्कोस: काकू, बोलू नका.

(मार्कोस पोटरीवर वाकून बघत राहतो, मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकतो.)

काल्लिओपी: ते बघ! हललं! मार्कोस, ते बघ, पोटरी हलली त्यांची!

मार्कोस: कुठे?

काल्लिओपी: ही काय! अख्खी थरथरतेय!

मार्कोस: काकू, पलंगावरून हात काढा तुमचा.

काल्लिओपी: हं?

मार्कोस: हात काढा. तुम्ही थरथरताय, त्यानं पलंग हलतोय. हं. आता बघा.

काल्लिओपी: …नाही हलत.

इसिडोरा: घाबरवून मारशील बाई मला, आजार राहिला बाजूला.

मार्कोस: हा कापूस फिरवतो पायावर. लागला की सांगा. इथे?

इसिडोरा: लागला.

मार्कोस: इथे?

इसिडोरा: लागला.

मार्कोस: आणि इथे, पावलाच्या वरच्या बाजूला?

इसिडोरा: लागला.

मार्कोस: आत्या, मी कापूस लावलेलाच नव्हता.

काल्लिओपी: खोटं कशाला बोलता? डॉक्टरासमोर कुणी खोटं बोलतं?

इसिडोरा: तो कुठला डॉक्टर? व्यायाम शिकवणारा. तीन वर्षांचा असताना माझ्या अंजिराच्या झाडावर चढून बसायचा.

मार्कोस: मोजा काढतो. हे काय आहे? भाजलंय तुम्हाला. चांगलं खोलवर.

इसिडोरा: झान्निसच्या फोटोला धूप दाखवत होते. निखारा पडला.

काल्लिओपी: कधी? मी शेजारच्याच घरात, आणि मला ओरडलेलंसुद्धा ऐकू आलं नाही?

इसिडोरा: ओरडायला कळायला हवं ना. लोकर जळल्याचा वास आला, तेव्हा खाली बघितलं. मोजा जळत होता आणि मला पत्ता नाही. दुखलंच नाही गं. आजपर्यंत नाही दुखलं. आपलाच पाय आणि परक्याचा असल्यासारखा. मग मी ठरवलं, की पाय पडतो आणि वर बधिरही आहे, अशी दोन दोन दुखणी एकदम सांगायची नाहीत. हे झान्निसच्या दुखण्याहूनही पुढचं असणार. रोज सकाळी मी हात उघडते आणि मिटते. त्याचा पायानंतर हात गेला होता ना. मला मरणाचं काही नाही, मार्कोस, बासष्ट पुरी झालीत. पण हिनं पुन्हा कुणाला तरी चमच्यानं भरवायचं, कूस बदलायची, पुसायचं… तेही मला? मला फार भीती वाटते रे. ह्या बाईला पुन्हा त्यात ढकलायची भीती वाटते.

काल्लिओपी: वन्सं…

मार्कोस: काकू, आता मला नीट आठवून सांगा. काकांचा पाय कधी बधिर झाला होता?

काल्लिओपी: नाही.

मार्कोस: कधीच?

काल्लिओपी: शेवटच्या दिवसापर्यंत नाही. नाकावर माशी बसली तर कळायचं त्यांना, हाकलता यायचं नाही. डोळ्यांनी मला खुणावायचे. चादरीची सुरकुती टोचायची. सगळं कळायचं त्यांना, मार्कोस, सगळं.

मार्कोस: तेच म्हणतोय मी. तो आजार हलणं नेतो, कळणं नेत नाही. आत्याचं कळणं गेलंय. एवढाच पट्टा, नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग. तुम्ही जी गोष्ट लपवलीत ना आत्या, ती आज मी ऐकलेली सगळ्यात चांगली बातमी आहे.

इसिडोरा: पाय भाजला ही चांगली बातमी! ऐक.

मार्कोस: या वर्षी झाडांवरून काढलेला डिंक कोण साफ करतंय?

इसिडोरा: मी. दुसरं कोण करणार? माझ्या झाडांचा आणि झान्निसच्याही झाडांचा. काल्लिओपी सुरीला हात लावत नाही त्याच्या डिंकाच्या. रडत बसते.

मार्कोस: रोज किती तास?

इसिडोरा: कॉफी झाली की बसते ती जेवणापर्यंत. मग पुन्हा दिवे लागेपर्यंत. दाणा अन् दाणा सुरीनं खरवडून माती काढायची असते, तुझी आई काय करायची विसरलास?

मार्कोस: नाही विसरलो. कशा बसता ते दाखवा. ही खुर्ची, इथे बसा. परात कुठे ठेवता?

इसिडोरा: अशी. उजवा पाय डाव्यावर, आणि वरच्या गुडघ्यावर परात. परात म्हणून ती पिशवी दे गं जरा.

काल्लिओपी: पिशवी नाही.

इसिडोरा: अगं, खात नाही मी तुझी पिशवी.

काल्लिओपी: म्हटलं ना, नाही.

मार्कोस: राहू दे, हे ताट घ्या. तशाच बसा. हलू नका. आता गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हे जे हाड लागतंय, त्यावर मी बोटानं टकटक करतो.

इसिडोरा: आई गं! वीज गेली पायातून! थेट अंगठ्यापर्यंत!

मार्कोस: नस इथून जाते, हाडाला चिकटून, कातडीच्या अगदी खालून. पाऊल वर उचलणारी हीच. आणि तुम्ही रोज सात-आठ तास तिला दुसऱ्या गुडघ्यावर दाबून वर परात ठेवताय.

इसिडोरा: चाळीस वर्षं बसतेय अशीच.

मार्कोस: चाळीस वर्षं तिथे मांस होतं, उशीसारखं. स्कर्टला कमरेवर किती पिना लावल्यात, आत्या?

काल्लिओपी: तीन. बारा किलो उतरल्यात. पानावर बसतात, ऑलिव्ह चिवडतात आणि उठतात. वर उपास कडक.

इसिडोरा: घास उतरत नाही त्याला मी काय करू? माझा धाकटा भाऊ होता तो.

काल्लिओपी: आणि चर्चमध्ये पायावर पाय टाकला म्हणून पोरींच्या मांडीला चिमटे काढता! देवासमोर असं बसतात का म्हणून! स्वतः मात्र घरी…

इसिडोरा: घरी देव बघत नाही.

मार्कोस: नस बघते. हे ऐका. मला वाटतं, ही दबलेली नस आहे.

काल्लिओपी: हेच म्हणाला होतास तेव्हाही.

मार्कोस: ठाऊक आहे. म्हणून माझ्या वाटण्यावर थांबायचं नाही. वरच्या मजल्यावर नसांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना मघाशीच निरोप दिलाय. त्या नसेत थोडा करंट सोडून बघतील, कुठे अडतो ते. आजच, आत्ता. गुडघ्यापाशी अडला तर माझं बरोबर. नाही अडला तर पुढे काय ते त्या बघतील, आणि मी कुठलीही तिकिटं रद्द करायला सांगणार नाही.

इसिडोरा: आणि बरोबर असलं तर?

मार्कोस: पायावर पाय बंद. परात टेबलावर, दोन्ही पावलं जमिनीवर. उपास पुरे, पाद्रीबाबांशी मी बोलतो. काकांच्या झाडांचा अर्धा डिंक काकू साफ करतील.

काल्लिओपी: करीन.

इसिडोरा: रडत?

काल्लिओपी: रडत करीन. तुम्हाला काय करायचंय?

मार्कोस: तीन-चार महिने लागतील. तोवर पाऊल वर धरायला पायाच्या आकाराची एक कडक पट्टी हवी, पोटरीमागून तळव्याखाली जाणारी, नाहीतर पायरीवरून पडाल. माझ्याकडे आज नाही, मागवतो.

काल्लिओपी: माझ्याकडे आहे. ही काय, या पिशवीत.

इसिडोरा: कुठून? …काल्लिओपी, ही झान्निसची.

काल्लिओपी: सकाळी कपाटातून काढली. म्हटलं, लागणारच आहे. इथे कुणाकडे मागायला नको.

इसिडोरा: म्हणून सोडत नव्हतीस हातातून. बसमध्ये शेजारी बसून ही घेऊन आलीस माझ्यासाठी.

मार्कोस: काकू, ही डाव्या पायाची आहे.

काल्लिओपी: घालून तर बघा, वन्सं.

इसिडोरा: अगं, वळणच उलटं आहे हिचं. टाच कशी मावेल?

काल्लिओपी: नीट बघा ना. नाहीच बसत?

इसिडोरा: नाही गं. काही केल्या नाही बसत.

काल्लिओपी: पुन्हा एकदा सांगा, वन्सं. त्यांचं तुम्हाला नाही बसत म्हणून.