डायला मुंबईची परवानगी

मला सांगा, फुप्फुस माझं, दम मला लागलेला, मी पडलोय रत्नागिरीत स्ट्रेचरवर, आणि विचारायचं मुंबईच्या थोरल्या भावाला?

डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात रक्ताची गाठ वाटतेय. शिरेतून डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडल्याशिवाय सीटीत दिसणार नाही. सही करा."

बायकोने लगेच दादाला फोन लावला.

"डाय नको!" दादा स्पीकरवरून गरजला. "किडन्या जातात. साधाच स्कॅन काढा."

"अहो, किडनीचा रिपोर्ट चांगला आहे!" डॉक्टर ओरडले.

"थांबा, इथे एकाला विचारून सांगतो."

अर्धा तास गेला! शेवटी मीच कागद ओढला आणि सही ठोकली. दोन्ही फुप्फुसांत गाठी निघाल्या.

आता दादा गावी आला की वाडीभर सांगत फिरतो, "मी होकार दिला म्हणून वाचला." आणि शेजारी उभी राहून आमची ही मान डोलावते!